डोळ्यावर पट्टी, हाताखाली पट्ट्या: सात महिन्यांनंतर

पियानोच्या सरावाचे काही वेगळे प्रकार करून बघायला लागून सात महिने झाले म्हणून आत्ता लिहितेय, पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर सगळंच भारी वाटलं असतं. मी काही स्टेजवर वाजवणारी नाही, चार वर्षं शिकतेय, रोज सराव जेमतेम तासभर होतो आणि रडगाणं एकच, डावा हात. वॉल्ट्झमध्ये, म्हणजे तीन ठोक्यांच्या नाचाच्या संगीतात, डाव्या हाताने खालचा बास (खर्जातला एक सूर) वाजवून वरच्या कॉर्डवर (एकदम वाजवायच्या दोन-तीन सुरांवर) उडी मारायची असते ना, तिथे दहातल्या तीन-चार वेळा शेजारची पट्टी लागायचीच. मेट्रोनोम (टिकटिक करून लय धरणारं यंत्र), स्लो प्रॅक्टिस, हात वेगवेगळे, सगळं करून झालं होतं, मग म्हटलं आता येडचाप प्रकार करून बघू.

पहिला प्रकार डोळ्यांवर रुमाल बांधायचा. पंधरा दिवस नुसती करमणूक, घरचे दारात उभे राहून हसायचे. पण हळूहळू हाताला काळ्या पट्ट्यांचे दोन-तीन, दोन-तीन असे गट कळायला लागले, म्हणजे करंगळी दोनच्या गटाच्या डाव्या कडेला घासली की खालचा पांढरा सी (त्या नावाचा सूर) आलाच, बघायची गरजच नाही. पियानोचा थोर संगीतकार शोपाँ विद्यार्थ्यांना बी मेजर स्केल (क्रमाने वाजवायची सुरांची ओळ, हिच्यात पाचही काळ्या पट्ट्या येतात) आधी द्यायचा आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांची सी मेजर सगळ्यात शेवटी, हे वाचलं तेव्हा विक्षिप्तपणा वाटला होता, रुमाल बांधल्यावर पटलं. बी मेजरमध्ये लांब बोटं आपोआप काळ्यांवर बसतात, सी मेजरमध्ये चाचपायला काही नाहीच, सगळं सपाट मैदान.

पण खरा फरक पडला तो उडी मारून न वाजवण्याने. बास वाजला की हात झटक्यात कॉर्डवर न्यायचा, बोटं पट्ट्यांवर नुसती टेकवायची, थांबायचं, बरोबर बसली असतील तरच दाबायचं. दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं की माझा नेम चुकत नव्हता, हात निघतच उशिरा होता, बासवर उगाच रेंगाळायचा, पायाखालच्या पेडलने सूर धरलेला असतानाही. हे रोज दहा मिनिटं, तीन महिने. आता वीसात एखादी चूक होते.

टचसाठी, म्हणजे पट्टी दाबण्याच्या नजाकतीसाठी, जे केलं ते फार कंटाळवाणं आहे, आधीच सांगते. पट्टी इतकी हळू दाबायची की आवाजच येणार नाही. पट्टी जेमतेम दहा मिलिमीटर खाली जाते आणि तळाच्या जरा आधी बोटाला बारीकसं अडकल्यासारखं लागतं, तिथे तारेवर आपटणारी आतली हातोडी सुटते आणि पुढचं अंतर स्वतःच्या वेगात तारेपर्यंत जाते, म्हणजे त्यानंतर तळाशी कितीही जोर लावा, वाजलेल्या सुरात काडीचा फरक पडत नाही. आणि मी बाई चार वर्षं दारावरची बेल दाबावी तशी पट्ट्या दाबून धरत होते! खांदा का दुखायचा ते तेव्हा कळलं. घरच्या डिजिटल पियानोवर ती अडकण फारच पुसट आहे, त्यामुळे हे क्लासमधल्या खऱ्या पियानोवरच जमतं.

डिजिटलचा उपयोग वेगळा झाला. लॅपटॉपला मिडीने (वाद्यातून संगणकाला सुरांची माहिती पाठवणाऱ्या जोडणीने) जोडलं की प्रत्येक सुराचा जोर १ ते १२७ मध्ये दिसतो. मला माझी स्केल एकसारखी वाटायची, आकडे बघितले तर अंगठा ७८ आणि चौथं बोट ५१. अंगठा बाकीच्या बोटांखालून गेला की धपकन पडत होता. आता फरक दहा-बाराचा, तोही चांगल्या दिवशी. पण हे आठवड्यातून एकदाच बघा, रोज बघितलं की आकड्यांसाठीच वाजवायला लागतो आपण.

फसलेलंही सांगते. हात उलटेपालटे करून वाजवणं, मजा भरपूर, उपयोग शून्य. आवाज बंद करून वाजवलं तर तुकडा पाठ आहे का ते कळतं पण टचची पार वाट लागते, कान नसले की बोटं धपाधप पडतात. आणि मनगटाला वजनं बांधणं, हे कृपया करू नका. दोन आठवड्यांत मनगट धरलं, त्यानंतर दहा दिवस काहीच वाजवलं नाही. बोटाला ताकद यावी म्हणून संगीतकार शूमाननेही यंत्र वापरलं होतं, आणि पियानिस्ट व्हायचं त्याचं स्वप्न उजव्या हाताच्या बोटापायीच संपलं, हे आधी आठवायला हवं होतं मला.

रुमालाचं सरांना अजून सांगितलेलं नाहीये. मागच्या आठवड्यात म्हणाले, हल्ली हाताकडे बघत नाहीस तू, चष्म्याचा नंबर बदलला का?