वेबॅक मशीन: मालिकांच्या भागांवर लिहिणाऱ्यांनी जवळ ठेवावं असं

मालिकेच्या एखाद्या भागावरचा विकिपीडिया लेख सुधारायला घेतला की कथानक फार त्रास देत नाही. त्याला तो भागच आधार म्हणून चालतो, आणि इंग्रजी विकिपीडियावर ते ४०० शब्दांत आटपायचं असतं. अडतं ते निर्मिती आणि प्रतिसाद या विभागांपाशी. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी भागाचं सविस्तर परीक्षण लिहिलेलं असतं, पटकथाकाराची मुलाखत छापलेली असते, आणि आज ती वेबसाइटच नसते. तळटीपेत उरतो फक्त मृत दुवा.

अशा वेळी मी वेबॅक मशीन उघडते. वेबपानांच्या जुन्या प्रती साठवून ठेवणारी, इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेची ही सेवा २००१ पासून सगळ्यांना खुली आहे. पैसे लागत नाहीत, जुनी पानं पाहायला खातंही लागत नाही. मेलेला पत्ता टाकला की वर्षांची पट्टी आणि कॅलेंडर येतं. निळा गोल म्हणजे पान साठवलेलं आहे, हिरवा म्हणजे दुसरीकडे वळवलेलं, केशरी म्हणजे पान मिळालंच नव्हतं.

पण निळ्या गोलावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. डोमेन विकलं गेलं की त्याच पत्त्यावर भलताच मजकूर येतो, आणि त्याचीही प्रत निळ्याच गोलाखाली बसते. म्हणून आधीच्या संपादकाने पान पाहिल्याची जी तारीख नोंदवली असेल, तिच्या जवळची प्रत मी निवडते, आणि लेखातलं विधान त्या पानावर खरंच आहे का हे वाचूनच दुवा जोडते. इंटरनेटआर्काइव्हबॉट हा विकिपीडियावरचा स्वयंचलित प्रोग्रॅम हे दुवे आपोआप जोडतो, त्याचे उपकार मोठे आहेत, पण वाचायचं काम आपलंच. विकिपीडियावरच्या 'चांगला लेख' या दर्जासाठी तपासणी करणारा संपादक नेमके हेच संदर्भ उघडून पाहतो.

मर्यादा आहेत. पत्ताच ठाऊक नसेल तर शोध कठीण. व्हिडिओ बहुतेकदा चालत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मधल्या सायबर हल्ल्यानंतर सेवा काही दिवस बंदच होती. छापील वर्तमानपत्रांसाठी विकिपीडिया लायब्ररी, म्हणजे संपादकांना सशुल्क संग्रह मोफत वाचू देणारी सोय, बरी, पण तिथे किमान ५०० संपादनं आणि सहा महिन्यांचं खातं हवं.

तरीही माझ्याकडून पाचपैकी पाच, तेही मुख्यतः 'सेव्ह पेज नाऊ' या, हवं ते पान लगेच साठवणाऱ्या सोयीसाठी. नवा संदर्भ जोडलात की त्याच बैठकीत त्याची प्रत साठवा, प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांची पानं तर सगळ्यात आधी.