६० वरून ७२ व्होल्ट: मुंबईत आठ महिने, ५,२०० किलोमीटर वापरल्यानंतर

मूळ गाडी म्हणजे इलेक्ट्रिक स्कूटर, अशी: ६० व्होल्ट, १,००० वॉटची हब मोटर (मागच्या चाकातच बसवलेली), १० इंची चाक, २५ ॲम्पिअरचा कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा), आरटीओ पासिंग असलेली. एकट्यासाठी पुरेशी. डबल सीट घेऊन दादरच्या टिळक पुलावर चढवली की वेग २५ वर यायचा आणि मागे बेस्टची बस चिकटायची. दुखणं तेवढंच होतं, आणि इलाजही तेवढ्यापुरताच केला. एप्रिल ते नोव्हेंबर गाडी रोज चालली, म्हणजे अख्खा पावसाळा यात आला.

कायद्याचं आधीच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही, आणि मोटरची पॉवर हा तसाच तपशील आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनी यावरच बोट ठेवू शकते. बिनापासिंगच्या गाड्यांना तर नोंदणीतून सवलतच २५० वॉट आणि ताशी २५ किमीच्या आत मिळते. तिच्यात ७२ व्होल्ट घातलं की ती सवलत संपली. हे नीट समजून मगच पाना हातात घ्या.

नेहमीचा गैरसमज असा की व्होल्ट वाढवले की ताकद वाढते. व्होल्ट वाढले की वेग वाढतो. चढावर लागणारी ताकद फेज करंटमधून येते, म्हणजे कंट्रोलरकडून मोटरला तीन जाड (फेज) वायरींतून जाणाऱ्या प्रवाहातून. पुलाचा चढ साधारण ४ टक्के, गाडी आणि दोघं मिळून २३० किलो, वेग ३५ धरला तर चाकावर सुमारे १,६०० वॉट लागतात, म्हणजे बॅटरीतून २,००० वॉटच्या आसपास. जुना कंट्रोलर १,५०० वॉटच्या वर देतच नव्हता. मोटर बिचारी निर्दोष होती, तिला कोणी पोटभर जेवायलाच घालत नव्हतं. बॅटरी धड असेल, करंट सोसणारी असेल आणि फक्त चढाचीच तक्रार असेल, तर ६० व्होल्टचाच ४० ॲम्पिअरचा कंट्रोलर बसवूनही निम्मं काम होतं. फक्त मोटरच्या तापमानावर लक्ष ठेवावं लागतं. इथे बॅटरीही संपत आली होती, म्हणून सगळंच बदललं.

घेतलं ते असं: ७२ व्होल्ट २,००० वॉटची हब मोटर, ७२ व्होल्ट ५० ॲम्पिअरचा साईनवेव्ह कंट्रोलर, २४ सेलची ३० एएच (ॲम्पिअर-अवर) एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, ६० ॲम्पिअरच्या बीएमएससह (सेलवर लक्ष ठेवून धोका दिसला की वाट तोडणारं सर्किट). मोटर घेताना वॉटपेक्षा आरपीएम विचारा. एकच मोटर ६५० आणि ९०० आरपीएम अशा दोन वाइंडिंगमध्ये (तारेच्या गुंडाळणीत) मिळते, आणि दुकानदार डोळे झाकून ९०० ची पुढे करतो. मुंबईला ६५० ची घ्या, तेवढ्याच फेज करंटला ती जास्त टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) देते. चाकाचा घेर सुमारे १.३ मीटर, त्यामुळे ८० व्होल्टला विनालोड (चाक अधांतरी) ताशी ५६ आणि रस्त्यावर ५०-५२ मिळतात. त्याहून जास्त हवेतच कुठे? सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड, अटल सेतू, जेजे पूल, सगळीकडे दुचाकीला बंदी. उरलेल्या रस्त्यांवर ४५ च्या वर जायला रात्रीचे साडेअकरा वाजावे लागतात. कंट्रोलरच्या ॲपमधून वेग ४५ ला बांधून टाकला आहे.

बॅटरीच्या बाबतीत '७२ व्होल्ट' हा शब्द फसवा आहे. २० सेलची एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली लिथियम बॅटरी) भरल्यावर ८४ व्होल्टला थांबते, २४ सेलची एलएफपी ८७.६ ला, आणि सहा लेड ॲसिड बॅटऱ्यांचा चार्जर ८८ पर्यंत जातो. तिघांवर लेबल मात्र ७२ चंच. लेड ॲसिडचा जुना चार्जर एनएमसीला लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. तिथे बीएमएस वाचवेल या भरवशावर राहू नका. तशीच गत डीसी-डीसी कन्व्हर्टरची. हॉर्न, हेडलाइट आणि इंडिकेटरला १२ व्होल्ट देणारा स्वस्त कन्व्हर्टर ७२ चा म्हणून मिळाला, पण त्याच्या पाठीवर कमाल ८० व्होल्ट छापलं होतं. पहिल्याच पूर्ण चार्जला गेला. १०० व्होल्ट इनपुटचा, १० ॲम्पिअरचा घ्या. कंट्रोलरची लो-कट (बॅटरी एवढी उतरली की गाडी बंद करणारी मर्यादा) ६३ व्होल्टला सेट होऊन आली होती. एलएफपीला ते सेलमागे २.६ होतात, फारच खाली. ती ६८ केली.

जोडणीत सगळ्यात वेळखाऊ भाग ॲक्सलचा. ऑर्डर देण्याआधी स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या सांगाड्याच्या) दोन पट्ट्यांमधलं अंतर आणि खाचेची रुंदी व्हर्नियरने मोजा. नवी मोटर जास्त रुंद असते, आणि स्विंगआर्म जॅक लावून फाकवण्याचा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. खाचेत ॲक्सल अर्धा मिलीमीटर जरी हलत असला तरी टॉर्क आर्म (ॲक्सलला फिरू न देणारी पट्टी) हवाच, दोन्ही बाजूंना. ८ मिमी जाडीच्या पट्टीतून लेथवाल्याकडे कापून घेतले, खाच ॲक्सलच्या चपट्या बाजूला घट्ट बसेल अशी. रीजेन ब्रेक (ब्रेक लावताना मोटरच बॅटरीत वीज परत भरते तो) चालू असेल तर ॲक्सलवरचा जोर दर ब्रेकला उलटा फिरतो आणि नट ढिले होतात. पहिल्या १०० किमीला एकदा, ५०० ला एकदा आणि मग दर महिन्याला पाना लावून बघायचं. ॲक्सल फिरला की मोटरची केबल त्याच्याभोवती पिळून तुटते, फेज एकमेकांना चिकटतात आणि कंट्रोलर जातो. एका ढिल्या नटात दोन महागड्या वस्तू.

वायरिंगसाठी लोहार चाळीतून १० स्क्वेअर एमएमची लवचिक कॉपर वायर, क्रिम्पिंगच्या लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या बोल्टच्या कड्या) आणि हीट श्रिंक घेतलं. कनेक्टर लॅमिंग्टन रोडवर, नटबोल्ट नागदेवीला. त्याच २,००० वॉटला ६० व्होल्टवर ३३ ॲम्पिअर लागायचे, आता २६ लागतात, म्हणून बॅटरीच्या वायरींमधली उष्णता जवळजवळ ४० टक्के घटली. फेज वायरींना याचा फायदा नाही. सायनच्या जाममध्ये दहाच्या वेगाने सरपटताना बॅटरीतून ८ ॲम्पिअर जात असतात आणि त्याच क्षणी फेजमधून त्याच्या कितीतरी पट. लोक मीटरवरचा आकडा बघून निर्धास्त राहतात आणि तिकडे बुलेट कनेक्टरचं (एकात एक खुपसायच्या गोल पिनांच्या जोडणीचं) प्लास्टिक वितळतं. फेजला बुलेट नकोच, लग आणि एम६ बोल्ट लावा.

एमसीबी डीसीचाच घ्या. घरातला एसी एमसीबी इथे नुसता शोभेला. एसीचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीत ती विझत नाही, आतले संपर्क वितळून चिकटतात आणि नेमक्या वेळी एमसीबी पडत नाही. बॅटरी जोडताना २२० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर दोन-तीन सेकंद मध्ये धरून कंट्रोलरमधले कपॅसिटर आधी भरून घ्या, नाहीतर दर वेळी चट्ट करून कनेक्टर जळतो.

फेज आणि हॉल (चाक कुठल्या स्थितीत आहे ते कंट्रोलरला कळवणाऱ्या सेन्सरच्या) वायरींचे रंग जुळवले की चाक बरोबर फिरेलच असं नाही. कंट्रोलरला सेल्फ-लर्निंगची वायरजोडी असते: चाक अधांतरी, जोडी जोडा, चावी चालू, चाक आपोआप फिरू लागेल, उलटं फिरलं तर जोडी सोडून पुन्हा जोडा. सरळ फिरलं की सोडून टाका आणि टोकाला टेप मारा. ही जोडी चुकून जोडलेलीच ठेवून गाडी रस्त्यावर काढू नका.

आता पाऊस. हब मोटर धावून तापलेली असते, आतली हवा प्रसरण पावलेली. ती साचलेल्या थंड पाण्यात गेली की हवा आकसते आणि केबलच्या भोकातून पाणी आत ओढलं जातं. म्हणून मिलन सबवे किंवा हिंदमाताला पाणी भरलं असताना चाकाच्या आसापर्यंत पाणी दिसलं तर थांबायचं, जलरोधक असल्याचं लेबल काहीही म्हणो. केबल ॲक्सलमधून बाहेर येते तिथे न्यूट्रल क्युअर सिलिकॉन भरा. आंबट वासाचा ॲसिडवाला नको, तो तांब्याला हिरवं करतो. केबलला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं आणि आत चढत नाही.

एवढं करूनही जुलैत गाडी गचके देऊ लागली, सिग्नल सुटला की घर्र करून जागीच थरथरायची. मोटर बिघडली असं एका मेकॅनिकने ठरवूनही टाकलं. तपासणी दहा मिनिटांची असते: चावी चालू, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर, काळ्या आणि एकेका हॉल वायरवर टोकं, चाक हाताने हळू फिरवा. तिन्ही वायरी शून्य ते ५ च्या दरम्यान उड्या मारायला हव्यात. हिरवी ५ वर अडकली होती. मोटर उघडण्याआधी सहा पिनांचा कनेक्टर उघडला, तर आत खाऱ्या हवेने पिनेवर हिरवा थर. पिना बदलल्या, डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं, काम झालं. दुसरी उपयोगी खूण: बंद गाडी ढकलताना चाक अडखळत, जड फिरत असेल तर फेज वायरी कंट्रोलरपासून सोडून पुन्हा फिरवा. आता हलकं झालं तर कंट्रोलरमधला मॉसफेट (प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहे. तरीही जडच असेल तर मोटर किंवा तिची केबल.

रीजेनचं एक सांगायला हवं. मलबार हिलसारख्या उंच जागी राहत असाल आणि बॅटरी शंभर टक्के भरून उतारावर निघालात, तर रीजेनचा करंट जायला जागाच नसते. बीएमएस वाट तोडतो आणि व्होल्टेज उसळून कंट्रोलरला झटका बसतो. चार्जर ८५ व्होल्टला आणून ठेवा. रेंजमध्ये फरक जाणवत नाही.

आकडे: टिळक पुलावर डबल सीट आता ३६-३८ टिकतो. ४५ च्या मर्यादेत किलोमीटरला ३३-३४ वॉट-अवर जातात, पूर्ण बॅटरीत ६० किमी. आधी २८ जायचे, म्हणजे ताकद फुकट आलेली नाही. जुना बॅटरी काटा निरुपयोगी ठरला, कायम फुल दाखवायचा. साधा व्होल्टमीटरही एलएफपीला कामाचा नाही, कारण ८० पासून ७७ व्होल्टपर्यंतच निम्मी बॅटरी संपते. शंटवाला मीटर लावा, म्हणजे गेलेला प्रवाह मोजून उरलेली बॅटरी दाखवणारा.

न आवडलेलं म्हणजे मागच्या चाकाचं वजन. जड मोटर स्प्रिंगच्या खाली असल्याने एलबीएस मार्गावरचा प्रत्येक खड्डा थेट कमरेत येतो. मागचा शॉकॲब्सॉर्बर बदलावा लागला, आणि मूळ ब्रेक या वजनाला कमी पडतो; पुढे डिस्क नसेल तर हा उद्योग करूच नका.

आता ५,००० नंतर डाव्या बेअरिंगचा बारीक आवाज सुरू झाला आहे. जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचून रबर सील असलेलंच आणायचं. उघडण्याआधी कव्हर आणि हबवर मार्करने खूण करा आणि पुलर वापरा. हातोड्याने ठोकून काढलं तर चुंबक स्टेटरला (मोटरच्या आतल्या स्थिर भागाला) इतक्या जोरात खेचतात की मध्ये आलेलं बोट सुटत नाही.