दुखणाईताच्या दारी: यवतमाळ जिल्ह्यातील एका मंडळीच्या घरभेट सेवेचे परीक्षण

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेली लहानशी ख्रिस्ती मंडळी (चर्च) आजाऱ्यांसाठी घरभेटीची सेवा चालवते. माझ्या आईने पावसाळ्यापासून हिवाळा सरेपर्यंत या सेवेचा लाभ घेतला आणि त्या काळात आजूबाजूच्या घरांतही मला ती जवळून पाहता आली, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, यांचे व मंडळीचे नाव देत नाही. त्यांनाच ते नको आहे, आणि पुढे ज्या उणिवा नोंदवल्या आहेत त्या पाहता मलाही ते बरे वाटते.

सेवेचे स्वरूप साधे आहे. रविवारच्या उपासनेनंतर आजाऱ्याचे नाव महिला मंडळाच्या वहीत नोंदवावे लागते, आणि त्या आठवड्यात संध्याकाळी पाळकसाहेब व मंडळीतील एक निवृत्त परिचारिका, ज्यांना सगळे सिस्टरबाई म्हणतात, घरी येतात. सोबत रक्तदाब मोजण्याचे यंत्र, साखर तपासण्याचे यंत्र आणि बायबल असते. पैसे घेत नाहीत, अर्पणाची पेटी पुढे करत नाहीत, चहाखेरीज काही स्वीकारत नाहीत. आजारी माणूस मंडळीतला असावा अशीही अट नाही. आमच्या गल्लीतील दोन बौद्ध घरांत व एका कुणबी घरात ते नेमाने जात, आणि तिथे प्रार्थना करायची की नाही हे घरच्यांना विचारून ठरवत.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिचा क्रम. बसल्याबरोबर वचन, म्हणजे बायबल, उघडत नाहीत. "आजी, पहिले गोळ्या दाखवा, मंग वचन वाचू," असे म्हणून पाळकसाहेब आईची गोळ्यांची पिशवी बाजेवर रिकामी करत आणि सिस्टरबाई एकेक पत्ता मोजत. रक्तदाबाच्या पत्त्यात हिशेबापेक्षा जास्त गोळ्या शिल्लक निघाल्या तेव्हा, आई पैसे वाचवण्यासाठी एक दिवसाआड गोळी घेत होती, हे आम्हा घरच्यांना प्रथमच कळले. तिला कोणी रागावले नाही. तीच गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते हे सांगून पुढच्या आठवड्यात सिस्टरबाई स्वतः तिला तिकडे घेऊन गेल्या. त्यानंतरची प्रार्थना आटोपशीर असे, आणि तिच्यात आईच्या प्रकृतीबरोबर केंद्रातल्या डॉक्टरचे व तिची सेवा करणाऱ्या माझ्या वहिनीचेही नाव येई. वहिनीचे नाव घेतले जाते याचे आमच्या घरात कोणाला काय वाटले ते इथे लिहीत नाही, पण तिची जेवणाची वेळ त्यानंतर थोडी अलीकडे आली एवढे खरे.

आपल्या भागात प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या चंगाई सभांचे मंडप अधूनमधून पडतात, आणि त्यांपैकी काहींत औषध बंद करणे हीच विश्वासाची खूण मानली जाते. पाळकसाहेब त्यांच्यावर टीका करत बसत नाहीत, मात्र स्वतःची बाजू शास्त्रातूनच, म्हणजे बायबलमधूनच, मांडतात: शुभवर्तमान लिहिणारा लूक हा वैद्य होता, प्रेषित पौलाच्या शरीरातला काटा तीनदा विनंती करूनही काढला गेला नाही, आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटदुखीवर पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला, आणि आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (ज्येष्ठ पुढाऱ्यांना) बोलवावे असे जे याकोबाने लिहिले त्यात वैद्याला बोलवू नये असे कुठेही म्हटलेले नाही. त्यांची आशा त्यांनी एकदा आमच्या ओसरीवर बोलून दाखवली होती. ज्या मंडळीत टीबी, दारू, कर्ज आणि मनाचे दुखणे न लाजता सांगता येईल ती मंडळी त्यांच्या लेखी निरोगी, मग तिच्यातील निम्मी माणसे खाटेवर का असेनात.

तसे पाहिले तर विदर्भातील मंडळ्यांना औषध व प्रार्थना एका छपराखाली असणे नवीन नाही. नागपूरचे म्यूर मेमोरियल, वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल, आमच्याच जिल्ह्यातील उमरीचे मिशन हॉस्पिटल आणि परतवाड्याजवळच्या कोठारा येथील कुष्ठरोग्यांचे रुग्णालय ही मिशनची रुग्णालये याची उदाहरणे आहेत. परंतु रुग्णालयाकडे बोट दाखवून मंडळी मोकळी होते, ही सवयही त्यातूनच लागली असावी, असे माझे मत आहे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत पाळकसाहेबांनी जे केले ते धाडसाचे म्हणावे लागेल. विवाहाची घोषणा उपासनेत सलग तीन रविवार वाचली जाते. पहिल्या घोषणेआधी ते मुलगा व मुलगी दोघांचाही सिकलसेल तपासणीचा अहवाल मागतात. दोघेही वाहक (स्वतः आजारी नसले तरी आजाराचा दोष अंगी असलेले) निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे ते दोघांना समोर बसवून सांगतात, लग्न मात्र नाकारत नाहीत. मंडळीच्या काही वडिलांना हा देवावरचा अविश्वास वाटतो. मला त्यात खोट दिसते ती वेगळी: अहवाल वाहकाचा आला की बोलणी फिसकटतात आणि बोल मुलीला लागतो, त्याची पुरेशी तयारी मंडळीने केलेली नाही. ज्या घरात सिकलसेलचा मुलगा आहे तिथे हिवाळ्यात या भेटी वाढतात, कारण थंडी, कमी पाणी पिणे, अतिश्रम किंवा जंतुसंसर्ग यांनी वेदनांचा झटका येऊ शकतो. सिस्टरबाई पाण्याची बाटली आणि स्वेटर यांची चौकशी गोळ्यांइतक्याच कडकपणे करतात.

२०१७ च्या हंगामात जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे इथे कोणी विसरलेले नाही. म्हणून फवारणीच्या दिवसांत उपासनेच्या सूचनांतच, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, उपाशीपोटी पंप पाठीवर घेऊ नका, घरी आल्यावर साबणाने आंघोळ करा, असे सांगितले जाते. त्याच कपाशीच्या कर्जापायी एका घरात कर्त्या माणसाने विष घेतले, तेव्हा पाळकसाहेब तिथे "देवाची इच्छा" असे म्हणाले नाहीत. त्यांनी बायबलमधील ८८ वे स्तोत्र वाचले, जे अंधाराच्या शब्दावरच संपते, आणि नंतर बराच वेळ कोणीही बोलले नाही. निघताना त्यांनी त्याच्या धाकट्या भावाला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला व दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मला वाटते, विश्वास टिकवण्याचे काम त्या दुसऱ्या दिवशीच्या येण्याने अधिक झाले.

उणिवाही स्पष्ट लिहितो. उपासनेत इतरांसाठी केल्या जाणाऱ्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत आजाऱ्याचे नाव आणि कधी कधी आजारही मोठ्याने घेतला जातो. आमच्या आईच्या बाबतीत तो सोमवारच्या बाजारापर्यंत पोहोचला आणि ती आठवडाभर घराबाहेर पडली नाही. बायकांची काही दुखणी पुरुषासमोर निघत नाहीत, तरी सिस्टरबाई एकट्या फारच कमी भेटी देतात. कापूस वेचणीच्या दिवसांत घरी माणूस अंधार पडल्यावरच सापडतो, त्यामुळे भेटी लांबतात किंवा हुकतात. रक्तदाबाचे आकडे मंडळीच्या वहीत राहतात, घरच्यांना त्याची प्रत मिळत नाही. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी मागचे आकडे विचारले तेव्हा आमच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. आणि सगळा भार दोन माणसांवर आहे. पाळकांची बदली होतेच. ती झाल्यावर ही सेवा कोण चालवणार, असे मी कमिटीतील एका सभासदांना विचारले असता, "पाहू" एवढेच उत्तर मिळाले.

तरीही, घरात दीर्घकाळचे दुखणे असेल आणि गोळ्यांवर नजर ठेवायला कोणी नसेल, तर या सेवेत नाव अवश्य नोंदवावे असे मी सांगेन. तातडीच्या प्रसंगी मात्र त्यांची वाट न पाहता थेट १०८ ला फोन करावा. तेही हेच सांगतात. आकडे प्रत्येक भेटीत आपल्या कागदावर उतरवून मागावेत. नाव उपासनेत घेतले जाऊ नये असे वाटत असेल तर नोंदवतानाच तसे बजावावे, म्हणजे महिला मंडळाच्या बाई त्या नावापुढे लाल फुली करतात. आमच्या तक्रारीनंतर सुरू झालेली ही फुली अजून तरी पाळली जात आहे.