एम्पायर: टोटल वॉरमधली अमेरिका: सरहद्दीची फौज तयार मिळत नाही

'एम्पायर: टोटल वॉर' हा 2009 चा युद्धनीतीचा कॉम्प्युटर गेम आपल्याकडे बहुतेकांनी घेतला तो मराठ्यांसाठी. 1700 पासून मुघलांशी भिडता येत असताना अमेरिकेकडे कोण बघतो! त्यात ही फॅक्शन (खेळायची बाजू) मुख्य मोहिमेच्या यादीत दिसतच नाही. ती 'रोड टू इंडिपेंडन्स' या वेगळ्या मोहिमेत आहे आणि तिची प्रकरणं ओळीने पार करावी लागतात. पहिलं 1607 चं जेम्सटाउन म्हणजे शिकवणी. दुसऱ्यात तरुण वॉशिंग्टन फ्रेंच आणि ह्युरॉन हे आदिवासी राष्ट्र यांच्याविरुद्ध लढतो. तिसरं 1775 च्या बंकर हिलच्या लढाईने उघडतं, आणि त्यानंतर स्वतंत्र अमेरिका हातात येते. टोटल वॉर मालिकेतला एखादा गेम आधी खेळला असेल तर जेम्सटाउन कंटाळवाणं वाटेल, पण तेवढं सोसा.

खरी तक्रार सैन्याबद्दल आहे. अमेरिकेची यादी उघडली की लाइन इन्फंट्री (रांगेत लढणारं पायदळ), ड्रॅगून (बंदूकधारी घोडेस्वार), फूट आर्टिलरी (तोफखाना) हीच युरोपीय मांडणी अमेरिकी कोटात दिसते. सरहद्दीचा वास येतो तो मुख्यतः लाँग रायफलमन (लांब पल्ल्याचे नेमबाज) आणि मिनिटमन (हाकेसरशी जमणारे नागरी सैनिक) या दोनच तुकड्यांना. ओहायोच्या जंगलात लढलेली फौज हवी असेल तर ती आपणच जुळवायची, आणि तिचा नमुना इतिहासात तयार आहे.

4 नोव्हेंबर 1791 रोजी वाबॅश नदीकाठी लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट या आदिवासी सरदारांच्या योद्ध्यांनी अमेरिकी जनरल सेंट क्लेअरची फौज उधळली. सहाशेहून अधिक सैनिक मेले. त्यानंतर 1792 मध्ये जनरल अँथनी वेनच्या हाताखाली 'लीजन ऑफ द युनायटेड स्टेट्स' उभी राहिली. तिचे चार उपविभाग होते आणि कागदावर प्रत्येकी 1,280 माणसं. प्रत्येक उपविभागात पायदळाच्या 8 कंपन्या, रायफलवाल्यांच्या 4, घोडदळाची 1 आणि तोफखान्याची 1. पायदळ, रायफल, घोडा आणि तोफ एकाच अधिकाऱ्याखाली असल्याने कुठलाही उपविभाग एकटा लढू शकत होता. 20 ऑगस्ट 1794 ला फॉलन टिंबर्स इथे, वादळाने उन्मळून पडलेल्या झाडांच्या आडोशाला बसलेल्या योद्ध्यांना वेनने संगिनीने हुसकावलं आणि बगलेवर ड्रॅगून सोडले.

गेममध्ये एका सैन्याला 20 जागा असतात. वेनचं प्रमाण त्यात छान बसतं: 1 जनरल, 10 लाइन इन्फंट्री, 5 लाँग रायफलमन, 2 ड्रॅगून, 2 तोफा. तोफा याहून जास्त घेऊ नका. झाडी आणि उंचसखल जमिनीत त्यांना सरळ नेम क्वचितच मिळतो, आणि तोफांची राखण करण्यात पायदळ अडकून पडतं.

रायफलमनचा पल्ला लांब, पण गोळी भरायला वेळ लागतो आणि हातघाईत ते पटकन कापले जातात. म्हणून त्यांना फळीच्या थोडं पुढे ठेवा, शत्रू जवळ आला की दोन तुकड्यांमधल्या फटीतून मागे घ्या. स्कर्मिश मोडवर विसंबू नका. त्या मोडमध्ये ते आपल्या मनाने मागे सरतात, आपल्याच फळीत घुसतात, आणि मग मागून झाडलेल्या गोळ्यांनी पुढचे आपलेच लोक पडतात. या गेममध्ये बंदुकीची गोळी मित्र-शत्रू पाहत नाही. आदिवासी राष्ट्रांच्या धनुर्धाऱ्यांचे बाण मात्र वरून कमानीत येतात, त्यांना पुढच्या रांगेची अडचण नसते. म्हणून तिरंदाज दिसले की गोळीबाराची अदलाबदल करत बसू नका, थेट संगिनीने चाल करा. फॉलन टिंबर्सला वेननेही संगिनीनेच चाल केली.

लाइन इन्फंट्रीसाठी 'फायर बाय रँक' (सगळ्या रांगांनी गोळीबार) हे संशोधन सगळ्यात आधी. त्याशिवाय फक्त पहिली रांग गोळी झाडते, मागचे नुसते उभे. तुकड्यांच्या आकाराच्या अल्ट्रा सेटिंगवर 160 जणांची तुकडी असेल तर उजवं बटण दाबून ओढा आणि ती तीन रांगांत पसरवा, म्हणजे साधारण 53 माणसांची रुंदी मिळते. इथे गेमची एक जुनी खोड आहे: रांग गुडघ्यावर बसत असताना जागा किंवा तोंड बदलायचा हुकूम दिला की सगळी तुकडी पुन्हा रांग जुळवत बसते, आणि तेवढ्यात शत्रू अंगावर येतो. कुंपणाजवळ आणि उतारावर हे जास्त होतं. उपाय साधा: तोंड कुठे हवं ते आधीच ठरवा, 'फायर ॲट विल' (आपोआप गोळीबार) चालू ठेवा आणि तुकडीला हात लावू नका. घोडदळ आलं तर चौकोन करायचा, पण त्यासाठी वेगळं संशोधन लागतं.

ड्रॅगून घोड्यावरून उतरून लढू शकतात. जंगलाच्या कडेला त्यांना उतरवणं हा या फॅक्शनमधला सगळ्यात मजेदार डाव, आणि बहुतेक खेळाडू तो वापरतच नाहीत.

नकाशावरचा कारभार ठीकठाक. अमेरिका प्रजासत्ताक असल्याने निवडणुका होतात आणि मंत्री बदलत राहतात, त्यामुळे चांगला अर्थमंत्री हातातून जाऊ शकतो. जिंकलेल्या चेरोकी किंवा इरोक्वा या आदिवासी राष्ट्रांच्या प्रदेशात बंड नको असेल तर सुरुवातीला तिथला कर माफ करा (प्रदेशाच्या पॅनेलवर ती सोय आहे) आणि मोठी फौज पुढे नेण्याआधी मागे थोडी शिबंदी ठेवा. धर्मभेदाचा असंतोष वेगळा मोजला जातो, त्यासाठी मिशनरी लागतो.

ज्यांना या सरहद्दीची दुसरी बाजू पाहायची आहे त्यांनी 'वॉरपाथ' ही जोडमोहीम घ्यावी. तिच्यात इरोक्वा, ह्युरॉन, चेरोकी, प्युब्लो आणि प्लेन्स ही पाच राष्ट्रं खेळता येतात आणि नकाशा फक्त उत्तर अमेरिकेचा आहे. खरं तर सरहद्दीचा अनुभव तिथेच जास्त नीट उतरला आहे, कारण लांब पल्ल्याची आणि लपून लढणारी माणसं तिथे यादीच्या मध्यभागी आहेत. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावरच्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये ती समाविष्ट आहे, तेव्हा ती वेगळी विकत घेऊ नका.