१९६६ची पॉन्टिॲक जीटीओ: तीन हिवाळे गॅरेजमध्ये, सात महिने रस्त्यावर

ही जुनी जीटीओ मी घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा उभी केली. ती रंगून घरी आली त्याच दिवशी हे लिहिलं असतं, तर वाचणाऱ्याची फसवणूक झाली असती. तेव्हा नुसतं कौतुक होतं. आता एप्रिल ते ऑक्टोबर गाडी चालवून झाली आहे, २,९०० मैल म्हणजे साडेचार हजारांच्या वर किलोमीटर पडलेत. त्यातले शेवटचे हजार मैल सुखाचे गेले. आधीचे एकोणीसशे कसे गेले, तेच मुख्यतः सांगायचं आहे.

मी डेट्रॉइटच्या उत्तरेला उपनगरात राहतो. मूळचा मिरजेचा. लहानपण बाबांच्या प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटखाली टॉर्च धरण्यात गेलं, म्हणून जुन्या गाडीची भीती नव्हती. पण पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं आणि जीटीओचं ३८९ घनइंच, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. सहा फियाट एका बॉनेटखाली. टॉर्च धरण्याच्या अनुभवावर फार विसंबू नये, हे लवकरच कळलं.

हीच गाडी का, तर ती इथली आहे; पॉन्टिॲक हा जनरल मोटर्सचा डेट्रॉइटजवळचा ब्रँड. १९६४ साली पॉन्टिॲकच्या लोकांनी मोठ्या गाडीतलं हे इंजिन मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये बसवलं. मध्यम गाडीत एवढं मोठं इंजिन घालायला जनरल मोटर्समध्ये बंदी होती. म्हणून त्यांनी नवं मॉडेल न काढता 'टेम्पेस्ट ले मान्सवरचं एक जादा पॅकेज' म्हणून ते कागदोपत्री सरकवलं. जॉन डिलोरियन तेव्हा पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता होते; बिल कॉलिन्स आणि रस गी हे त्यांचे साथीदार. सरकारी कचेरीत 'दुरुस्ती' म्हणून नवी खोली बांधून घेतात ना, तसलाच प्रकार. १९६६ला जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली आणि त्या वर्षी ९६,९४६ गाड्या विकल्या गेल्या. घरी काम करणाऱ्याला या आकड्याचा थेट फायदा होतो, कारण पत्र्यापासून रबरापर्यंत जवळजवळ सगळं आजही नवं बनवून मिळतं. चासी आणि सस्पेन्शनचे बरेच भाग त्या काळच्या शेव्हरलेच्या शेव्हेल गाडीशीही जुळतात.

१९६६चा आणखी एक फायदा. या वर्षापासून खऱ्या जीटीओचा चासी नंबर २४२ने सुरू होतो. १९६४-६५ला तसं नाही. तिथे साध्या ले मान्सवर बिल्ले ठोकून 'जीटीओ' म्हणून खपवणारे भेटतात. मी नंबर पाहिला, जुन्या पॉन्टिॲकच्या नोंदी पुरवणाऱ्या पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मूळ बिलाची प्रत मागवली आणि मगच पैसे दिले. १४,५०० डॉलर. गाडी मिशिगनच्या 'अंगठ्या'त होती. या राज्याचा नकाशा हाताच्या पंजासारखा आहे, त्यातल्या अंगठ्याच्या भागात एका शेतकऱ्याच्या कोठारात. इंजिन हाताने फिरत होतं, चालत नव्हतं.

गंजाबद्दल बोलायलाच हवं. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ गाडी आतून खातं. विकणारा म्हणाला, "मागचे पॅनल ठणठणीत आहेत." मी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन गेलो होतो. मागच्या चाकांच्या कमानीखाली ते चिकटेचना; तिथे पत्रा नव्हताच, बोटभर पुट्टी होती. मागच्या काचेच्या क्रोम पट्टीखाली पाणी साचतं, तिथून ते डिकीत उतरतं. डिकीतलं कार्पेट उचललं आणि खाली थेट कोठाराची जमीन दिसली.

पहिला हिवाळा गाडी उघडण्यात गेला. प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, उघडण्याआधी फोटो. हे सगळेच सांगतात, मीही केलं. पण 'हे काय, लक्षात राहीलच' म्हणून ज्या चार गोष्टींना चिठ्ठी लावली नाही, त्या चार गोष्टींनी तिसऱ्या हिवाळ्यात दोन शनिवार-रविवार खाल्ले. लहान भागांचा गंज काढायला प्लॅस्टिकचं टब, पाणी, धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. गंजका भाग ऋण तारेला, टाकाऊ लोखंडाची पट्टी धन तारेला. रात्रभरात गंज काळ्या गाळासारखा सुटतो. धन बाजूला स्टेनलेस स्टील मात्र कधीही लावू नका. पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि टबाच्या आसपास ठिणगी नको, हायड्रोजन निघत असतो. बायकोने सोड्याची पाच किलोंची पिशवी पाहून विचारलं, "एवढे पापड कोण लाटणार आहे?"

वेल्डिंग मी याच गाडीवर शिकलो, आणि ते दिसतं. डिकीच्या तळाचा पहिला तुकडा सलग वेल्ड केला तर तो तापून वाकडातिकडा झाला, कापून फेकावा लागला. नंतर ०.६ मिलिमीटरची तार, एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मध्ये पत्रा गार होऊ द्यायचा. गोधडीला टाके घालतात तसं, फक्त ओळीने नाही. जुना रंग घासताना मास्क सक्तीचा, कारण त्या काळच्या रंगात आणि जोडांवरच्या डागात शिसं असतं. ब्रेकच्या ड्रममधली धूळ तर हवेच्या झोताने उडवूच नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून काढायची.

इंजिनचं बोअरिंग वगैरे बाहेर दिलं, बांधलं मी. मूळ कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०.७५ला १. ते शिसं घातलेल्या त्या काळच्या पेट्रोलसाठी होतं. आजच्या पंपावरच्या ९३ ऑक्टेनवर ठोके मारतं. म्हणून पिस्टन बदलून ते साडेनवाच्या आसपास आणलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटही कडक धातूच्या बसवल्या, शिशाचं वंगण आता मिळत नाही ना. मूळचे ३३५ हॉर्सपॉवर कमी झाले असतीलच. तसाही तो आकडा उघड्या इंजिनवर, फॅन-बिन न जोडता मोजलेला असायचा. आजच्या गाडीशी तुलना करण्यात अर्थ नाही.

पहिल्यांदा चालू करतानाचा प्रसंग. अशा इंजिनचा नवा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, मुरवावा लागतो. सुरू होताक्षणी दोन हजारांच्या वर आरपीएम, वीस-पंचवीस मिनिटं, आणि तेलात जस्त भरपूर. आजच्या तेलांत ते कमी केलंय, म्हणून जुन्या इंजिनांसाठीचं वेगळं तेल घ्यावं लागतं. सुरू न होता नुसता स्टार्टर मारत राहिलं की कॅमवरचा वंगणाचा लेप पुसला जातो आणि महिन्याभराचं काम मातीत. माझं नेमकं तेच चाललं होतं. तिसऱ्या प्रयत्नाला कार्बोरेटरमधून हातभर जाळ आला. बाबा व्हिडिओ कॉलवर होते. भारतात रात्रीचे साडेअकरा. "थांब. हात लावू नकोस. एक नंबरचा पिस्टन वर आहे, पण कुठल्या फेऱ्याला?" प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर बरोबर अर्धा फेरा उलटा बसला होता. काढून फिरवून लावला, आणि इंजिन पेटलं. त्या पंचवीस मिनिटांत शेजारचे दोघं आपापल्या खुर्च्या घेऊन आले. त्यातले एक पॉन्टिॲकच्याच कारखान्यात लाइनवर होते, आता निवृत्त. ते काही बोलले नाहीत, फक्त कान तिरका करून ऐकत राहिले.

रंगकाम बाहेर दिलं, कारण दोन भागांच्या क्लिअर कोटमधलं आयसोसायनेट हे विषारी रसायन घरच्या मास्कने अडत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. सहा आठवडे सांगितले, सात महिने लागले. रंग मात्र सुंदर आहे. गडद निळा.

आता वापराबद्दल. ही गाडी 'मूळची होती तशीच' ठेवायची, असा माझा हट्ट होता. तो मे महिन्यात एका उतारावर संपला. १९६६च्या गाडीला चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरला एकच कप्पा. कुठेही एक गळती झाली की चारही ब्रेक गेले. मागचे व्हील सिलिंडर नवे घेण्याऐवजी मी आतून घासून परत वापरले होते, वीसेक डॉलर वाचवले होते. ताशी पंचवीस मैलांवर पेडल फळीला टेकलं. डाव्या पायाने पार्किंग ब्रेक दाबत, गिअर उतरवत, एका दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी शिरवली. मुलगा शेजारी होता. तो म्हणाला, "बाबा, हे पण दाखवायचं होतं का?" त्या आठवड्यात दोन कप्प्यांचं मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेकचं किट मागवलं. प्रदर्शनात गुण कापले जातील, जाऊ देत. १९६७पासून कंपनीने स्वतःच दोन कप्पे दिले, म्हणजे एका वर्षाचाच फरक. घरी गाडी करणाऱ्या कुणालाही माझं स्पष्ट सांगणं आहे: हे काम रंगाच्या आधी करा.

दुसरं दुखणं तापण्याचं. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५पासून. हजारो जुन्या गाड्या, आणि वेग लग्नाच्या वरातीचा. अर्ध्या तासात काटा २२५ फॅरनहाइटवर. मी रेडिएटरला दोष दिला, नवा आणला, फरक शून्य. खरं कारण ते निवृत्त शेजारी सांगून गेले. पॉन्टिॲकच्या वॉटर पंपामागे पत्र्याची एक दुभाजक पट्टी असते. पंपाचं पातं आणि ती पट्टी यांतलं अंतर जास्त झालं की पाणी जागच्या जागी घुसळत राहतं, पुढे जातच नाही. नव्या पंपाचं पातं जुन्यापेक्षा आखूड होतं. पट्टी काढली, हातोडीने हलके हलके ठोकून पात्याच्या जवळ आणली, घासत नाही ना ते पाहून बसवली. सप्टेंबरच्या उन्हात, सिग्नलला दहा मिनिटं उभी राहूनही काटा १९५च्या वर गेला नाही. खर्च एका गॅस्केटचा. रेडिएटरचे चारशे डॉलर मात्र गेले ते गेले.

पॉइंट्स, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारे जुन्या पद्धतीचे संपर्क, मी ठेवलेत. इलेक्ट्रॉनिक इग्निशन सोपं आहे, लपवताही येतं, पण बाबा ब्लेडने पॉइंट्स घासायचे तो आवाज मला हवा होता. त्याची किंमत म्हणजे दर हजारएक मैलांनी तपासणी आणि पावसाळी सकाळी थोडी आळवणी. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घातलेत. जुने पाइप आतून चिखल होतात. मायलेज गॅलनला ११ मैल, लिटरला पावणेपाच किलोमीटरच्या आसपास. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसल्यामुळे कपड्यांना वास येतो. फेरी मारून आलं की जॅकेट घरात आणायची मला परवानगी नाही. कमरेपुरताच पट्टा, एसी नाही, स्टीअरिंग बोटाने फिरेल इतकं हलकं पण चाक नेमकं कुठे आहे याची बातमी उशिरा देणारं. दारांचं नवं रबर इतकं जाड निघालं की दार आपटूनच लावावं लागतं, पाहुणे ओशाळतात.

आणि तरीही. दुसऱ्या गिअरमध्ये चाळीसवर असताना पाय पूर्ण दाबला की कार्बोरेटरची मागची दोन तोंडं उघडतात, बॉनेटचं नाक वर उचललं जातं आणि आवाज बदलतो. पोटात घुमतो. त्यासाठी केलेल्या फेऱ्यांचं समर्थन मला कधी करता आलेलं नाही. बायकोने एकदा चालवली, परत आली, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ही तुझीच राहू दे." दोन दिवसांनी भाजी आणायला तिनेच नेली.

एकूण खर्च गाडीसकट ४१,००० डॉलरच्या आसपास, माझे तास न धरता. याहून थोड्या जास्त पैशांत कुणीतरी पूर्ण केलेली गाडी मिळाली असती. पैसे वाचतील म्हणून हे काम घ्यायचा विचार असेल तर घेऊ नका. जागा हवी, दोन गाड्यांच्या गॅरेजमधली एक जागा तीन वर्षं कायमची गेली असं समजा. आणि गाडी निवडताना इंजिनपेक्षा पत्र्याकडे बघा. इंजिन बाहेर बांधून मिळतं. पत्र्याचं काम दुसऱ्याकडून करून घेतलंत तर बजेट तिथेच संपतं.

सध्या ती झोपली आहे. टाकी भरून त्यात स्टॅबिलायझर, बॅटरी चार्जरला, टेलपाइपमध्ये उंदरांसाठी बोळे. खाली पुठ्ठा अंथरलाय. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला या इंजिनात दोरीचं सील असतं, आणि मी हट्टाने तसंच दोरीचं घातलं होतं. पुठ्ठ्यावर दर आठवड्याला तेलाचा रुपयाएवढा डाग पडतो. बाबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "इंजिन उतरवायला लागणार. जूनमध्ये मी येतोय तोवर थांब."