पाऊण इंची, मीटरभर लांब ब्रेकर बार: एक पावसाळा काढल्यानंतर

आधीच सांगून टाकतो. वर्षातून एकदा टायर बदलण्यापलीकडे गाडीला हात लावत नसाल तर हा बार (घट्ट बसलेले नट सोडवायचा लांब दांडा) घेऊ नका, लागेल तेव्हा कुणाकडून मागून आणा. पण गाडी दहा-बारा वर्षांची असेल, तुम्ही रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत राहत असाल आणि सस्पेन्शनची कामं घरीच करत असाल, तर याच्याशिवाय पान हलत नाही.

मी तो घेतला तो एक्सल नटासाठी. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग घूं घूं करायला लागलं होतं. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर काढायचा तर ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा मोठा नट आधी सुटायला हवा, आणि तो कुणीतरी पूर्वी एअर गनने, टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) न लावता, गन थांबेपर्यंत आवळलेला. वर कोकणातला गंज. नेहमीच्या गाड्यांचे चाकाचे नट 100 न्यूटन-मीटरच्या (टॉर्कचं, म्हणजे पिळाच्या जोराचं माप) आसपास आवळतात. एक्सल नटाचा आकडा गाडीनुसार 180 पासून 300 पर्यंत जातो. गंजलेला नट सुटताना त्याहून बराच जास्त जोर मागतो.

आता हिशोब बघा. दीड फुटी हँडलच्या टोकाला 65 किलोचा माणूस पूर्ण लोंबकळला तरी 290 च्या आतबाहेर टॉर्क मिळतो. तोच माणूस मीटरभर लांब बारवर लोंबकळला की 630 च्या वर. मग अर्ध्या इंची हँडललाच (हे माप टोकाच्या चौकोनाचं, ज्यावर नटाची गोटी म्हणजे सॉकेट बसते) बोअरचा जीआय पाइप घालून लांबी का वाढवू नये? गॅरेजमध्ये सर्रास घालतात, आणि कधी कधी नट सुटण्याआधी हँडलचा चौकोन तुटतो. माणूस पाइपासकट मडगार्डवर. चौकोनाची बाजू दीडपट झाली की पिळाला तोंड द्यायची ताकद तिपटीहून जास्त वाढते. पाऊण इंचाचे पैसे द्यायचे ते यासाठी.

बार मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणला, जालंधरचा माल. सोबत 30 आणि 32 मिलिमीटरच्या सहा कोनी इम्पॅक्ट गोट्या घेतल्या. गाडीनुसार 36 सुद्धा लागते, तेव्हा मोजून मगच घ्या. बारा कोनी गोटी या कामाला नकोच. ती नटाचे कोपरे गोल करते आणि मग छिन्नीशिवाय गत्यंतर राहत नाही.

पहिल्या कामाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण बारची परीक्षा तिथेच झाली. नटाची कडा शाफ्टच्या खाचेत पंच मारून चेपलेली होती. ती आधी बारीक छिन्नीने उचलून घेतली. हे न करता जोर लावला तर शाफ्टचे आटे जातात. (काही गाड्यांत त्याजागी स्प्लिट पिन असते, ती काढणं सोपं.) गंज काढायचं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवलं होतं. गाडी चाकावरच उभी, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या-मागच्या चाकांना दगड, आणि ब्रेकवर भाच्याला बसवलं. गोटी चढवल्यावर बारचं डोकं जॅक स्टँडवर टेकवलं, म्हणजे भार टाकल्यावर गोटी तिरकी होऊन निसटत नाही. बार चाकाच्या डाव्या बाजूला आडवा, जमिनीला समांतरपेक्षा किंचित वर. मग दोन्ही हात टोकाला आणि झटका न देता हळूहळू अंगाचा भार.

बार वाकतोय हे डोळ्यांना दिसत होतं. "मामा, तुटेल हां," भाचा आतून ओरडला. तेवढ्यात लाकूड फुटावं तसा कडाड्‌ आवाज आला आणि बार हातभर खाली गेला. नट तिथेच थांबवला. पूर्ण काढला तो गाडी जॅकवर घेतल्यावर. नट सैल असताना बेअरिंगवर गाडीचं वजन ठेवणं किंवा गाडी हलवणं बरं नव्हे.

शेजाऱ्यांची बॅटरीवरची इम्पॅक्ट गन आम्ही त्याआधी लावून पाहिली होती. डब्यावरचा आकडा घसघशीत, पण मध्ये एक्स्टेन्शन आणि अॅडॉप्टर आला की त्यातले बरेच ठोके त्या लोखंडाच्या पिळातच जिरतात. नट ढिम्म. चाकाच्या नटांना मात्र गनच बरी, त्यात वाद नाही.

आता तक्रारी. वजन जवळपास पाच किलो, गाडीखाली आडवं पडून वापरायची ही वस्तू नव्हे. छोट्या हॅचबॅकच्या डिकीत सरळ मावत नाही, मागची सीट पाडावी लागते. डोक्याची पिन आता खडखडते, डोकं आपोआप लोंबतं. चौकोनावरची स्प्रिंगची गोळी जुलैतच अडकून बसली, तेव्हापासून गोटी हाताने धरावी लागते. क्रोमचे पोपडे डोक्याजवळ सुटायला लागलेत. प्रत्येक वेळी तेलाचं फडकं फिरवून ठेवतो. दांडा मात्र अजून सरळ आहे, आणि मधल्या काळात एका टेम्पोचे चाकाचे नटही त्याच्यावर सुटलेत.

आवळायला हा बार अजिबात वापरू नका. मीटरभर लांबीवर 200 आणि 400 मधला फरक हाताला कळत नाही, आणि बेअरिंगचं आयुष्य त्या आकड्यावरच असतं. घरात बहुतेकांकडे असतो तो अर्धा इंची टॉर्क रेंच साधारण 210 पर्यंतच जातो. तुमच्या गाडीचा आकडा त्यापुढचा असेल तर मोठा रेंच भाड्याने आणा. चेपलेला नट परत लावू नका, नवा घ्या. बार आणि दोन गोट्या मिळून साडेतीन हजारांच्या आसपास गेले. स्प्रिंगची गोळी सोडली तर पैसे वसूल.