पॅकेजमधला ‘विमा समाविष्ट’ : एव्हरेस्ट बेस कॅम्पसाठी कितपत पुरतो?

नागपूरहून बेस कॅम्पला निघणाऱ्यांच्या हाती पॅकेजसोबत बहुधा साधी परदेश प्रवास पॉलिसी पडते. हॉस्पिटलचा खर्च, हरवलेलं सामान, रद्द झालेलं विमान यांसाठी ती ठीक आहे. डोंगरावरून खाली आणायची वेळ आली की मात्र उंचीच्या अटीपाशी ती अडते.

अशा पॉलिसींत ४,५०० मीटरची मर्यादा बरेचदा दिसते. म्हणजे वाटेतले मुक्काम नामचे (३,४४०) आणि डिंगबोचे (४,४१०) संरक्षणात, पण लोबुचे (४,९४०) आणि गोरक्षेप (५,१६४) बाहेर. उंचीचा त्रास जीवघेणा होण्याचा धोका सर्वाधिक याच दोन मुक्कामांना! नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवर रोज चढून दम वाढतो, पण विरळ हवेमुळे फुप्फुसात पाणी होणं त्यानं टळत नाही. चिखलदरा जेमतेम १,१०० मीटर, त्यामुळे उंची सोसेल की नाही हे तिथेही कळत नाही.

म्हणून ६,००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग कव्हर जादा पैसे भरून घ्याच. ‘हेलिकॉप्टरने सुटका’ हे शब्द पॉलिसीत लेखी हवेत. दोर आणि क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे बर्फावरचे काटे) लावून आयलंड पीक हे जवळचं शिखर करणार असाल तर ते गिर्यारोहण ठरतं, त्याचं कव्हर वेगळं.

क्लेम सर्वाधिक अडकतात ते पूर्वपरवानगीवर. हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लागतो. मंजुरी नसेल तर तीन ते पाच हजार डॉलर आधी स्वतःच्या कार्डावरून जातात. एकाच फेरीत अनेकांना बसवून प्रत्येकाकडून पूर्ण बिल घेण्याचे प्रकार २०१८मध्ये नेपाळमध्ये उघड झाले, तेव्हापासून कागद बारकाईनं तपासले जातात. डॉक्टरांचा अहवाल, ऑक्सिजनची नोंद आणि मूळ बिल जपून ठेवा. पॉलिसी क्रमांक गाइडकडेही द्या, कारण उंचीमुळे मेंदूला सूज आलेल्या माणसाला धड बोलता येत नाही. बीपी किंवा दमा लपवलात तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

आणि रात्री किंवा ढगांत हेलिकॉप्टर उडत नाही, पॉलिसी कितीही भारी असो. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकेदुखीसोबत उलटी झाली तर चढणं थांबवा. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न पाहता सोबत्याला घेऊन उतरा.

साध्या पॉलिसीला माझे पाचपैकी दोन गुण, वाढीव कव्हरसह चार. पैसे भरण्याआधी एजंटकडून पूर्ण अटींची पीडीएफ मागून घ्या. जाहिरातीच्या पत्रकात उंचीची ओळ सहसा नसते.